पेप्सिनची साक्ष

माझे मामा सर्जन. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर पोटं उघडली, दुरुस्त केली आणि शिवली. त्यांची लेक, म्हणजे माझी ताई, पुण्यात वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बापलेकीचं एरवी छान जमतं, फक्त ड्युओडेनमच्या अल्सरचं नाव काढायचं नाही. जठर संपल्या संपल्या लागणारा लहान आतड्याचा पहिला वीतभर तुकडा म्हणजे ड्युओडेनम. त्याच्या अस्तराला खड्डा पडतो तो पाचक रसांमुळे, असं मामांचं मत. ताई म्हणते, जंतूमुळे.

मी विज्ञानावर लिहिणारा, दोघांच्या मधे बसणारा श्रोता. ऐकता ऐकता लक्षात आलं, की हे भांडण यांच्या घरचं नाही. वैद्यकशास्त्र हेच भांडण शंभर वर्षं भांडत आलं आहे. म्हणून दोघांना विचारून ते इथे देतो. चहा, फोन आणि मामींचं 'आता पुरे करा' एवढं गाळलं आहे.

मामा : आधी साधा प्रश्न. आतड्याची भिंत विरघळवतं कोण? ते काम पेप्सिनचं. १८३६ साली बर्लिनमध्ये थिओडोर श्वानने जठराच्या अस्तराचा अर्क काढला, त्यात आम्ल घातलं आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग त्यात विरघळवून दाखवला. त्या अर्कात जे काही होतं त्याला त्याने पेप्सिन नाव दिलं. प्राण्याच्या शरीरात ओळखलं गेलेलं हे पहिलं एन्झाइम. त्याच्या आधी, १८२४ मध्ये, लंडनच्या विल्यम प्राउटने जठरातलं आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे प्रसिद्ध केलं होतं. आम्ल आणि पेप्सिन ही जोडी आहे. अल्सर हे या जोडीचं काम.

ताई : जोडी मान्य. पण बाबा, ती तुमच्या पोटात आहे, माझ्या पोटात आहे, ह्या आपल्या लेखकाच्याही पोटात आहे. मग आपल्याला अल्सर का नाही?

मामा : कारण शरीराने बंदोबस्त केलेला आहे. ज्या पेशीत पेप्सिन तयार होतं तिथे ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात असतं, नाहीतर ती पेशीच पचून जाईल. बाहेर आम्लात आलं की जागं होतं. सामू दोनच्या आसपास असताना ते जोरात काम करतं, पाचच्या वर गेला की जवळजवळ थंडावतं आणि सातच्या पुढे कायमचं मोडतं. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो. त्याच्या वरच्या अंगाला सामू दोन, पेशींना टेकलेल्या अंगाला जवळपास सात. पेप्सिन त्या थरातून आत शिरेपर्यंत निकामी होतं. ड्युओडेनमला तर स्वादुपिंडाच्या रसातून भरपूर बायकार्बोनेट मिळतं, शिवाय त्याचं अस्तर स्वतःही ते सोडतं. हा बंदोबस्त काढून घेतला तर काय होतं, ते मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान आणि विल्यमसन यांनी १९२३ साली दाखवलं. कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात खूप खाली वळवला. जठरातला रस थेट आतड्यावर पडू लागला आणि बहुतेक कुत्र्यांना अल्सर झाले. त्यात कुठला जंतू सोडला होता?

ताई : कुत्र्याचं आतडं कापून बदललं तर अल्सर होतो, एवढंच त्यातून कळलं. माझ्या ओपीडीत येणाऱ्या माणसाचं आतडं कोणी कापून बदललेलं नसतं.

मामा : मग १९४२ ची मांजरं घे. शिफ्रिन आणि वॉरन. आतड्यातून नुसतं आम्ल सोडलं तेव्हा इजा कमी झाली. त्यात पेप्सिन मिसळलं तर भिंतीला भोकं पडली. आणि माणसंच हवी असतील तर १९५५ ची घे. झोलिंजर आणि एलिसन यांचे रुग्ण. स्वादुपिंडात गाठ, गाठीतून गॅस्ट्रिन या संप्रेरकाचा मारा, जठरात आम्लाचा महापूर आणि एकामागून एक अल्सर. त्यांच्यात जंतू असो वा नसो, काही फरक पडत नाही. झाग्रेबचा श्वार्त्स १९१० मध्येच सांगून गेला होता, आम्ल नाही तर अल्सर नाही. शंभर वर्षांत ते कोणी खोडलेलं नाही.

ताई : खोडायचंच नाही मला ते. पण तुम्ही साक्षीदार पेप्सिनला करता, तर एक विचारू? पेप्सिन गुन्हेगार असेल तर त्याला बांधून घातलं की अल्सर बरा व्हायला हवा. तसा पदार्थ मिळाला होता. पेप्स्टॅटिन. जपानच्या उमेझावांच्या प्रयोगशाळेने १९७० मध्ये तो वेगळा केला. अगदी अल्प मात्रेत पेप्सिनला जखडून टाकतो. ड्युओडेनल अल्सरच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, १९७९ मध्ये प्रसिद्धही झाली. कोणाला औषध मिळतंय आणि कोणाला नुसतीच गोळी, हे डॉक्टरलाही माहीत नाही आणि रुग्णालाही नाही, अशी ती चाचणी. फरक दिसला नाही.

मामा : पेप्स्टॅटिन जठरात टिकतं किती, विरघळतं किती, यावर वाद आहे. पण ते सोड. सिमेटिडीन घे. जेम्स ब्लॅकचं ते औषध १९७६ मध्ये बाजारात आलं, ८८ साली त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच साली ओमेप्राझोल आलं. या गोळ्या काय करतात? आम्ल कमी करतात, सामू वर नेतात. सामू चारच्या वर गेला की पेप्सिनचं काय होतं? म्हणजे तुमची प्रत्येक आम्लाची गोळी ही पेप्सिनचीही गोळी आहे. आणि तिने चार ते आठ आठवड्यांत अल्सर भरतो. जंतूला हात न लावता!

ताई : भरतो. आणि गोळी थांबवली की?

इथे मामा थोडा वेळ गप्प बसतात. उत्तर दोघांनाही माहीत आहे. नुसतं आम्ल दाबून बरा केलेला ड्युओडेनल अल्सर औषध थांबवल्यावर वर्षभरात बहुतेकांना परत होतो. जंतू काढून टाकला तर तो परत येण्याचं प्रमाण शंभरात फार तर पाच-दहांवर येतं. ताईच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो कोणाच्या व्याख्यानातून नाही, रुग्ण मोजून आलेला आहे.

तरी मला या वादात जास्त रस आहे तो त्याच्या मधल्या भागात. पेप्सिनोजेन रक्तातही थोडं झिरपतं आणि तिथे मोजता येतं. ही मोजणी सुरू झाली आणि पाचक रसांवरचं संशोधन माणसाच्या स्वभावापर्यंत आणि घराण्यापर्यंत जाऊन पोचलं.

मामा : मर्स्कीचं सांगतो. अमेरिकेत आर्थर मर्स्की, हर्बर्ट वायनर आणि त्यांचे सहकारी. १९५७ चा निबंध. लष्करात नव्याने भरती झालेल्या २,०७३ तरुणांचं रक्त तपासलं. पेप्सिनोजेन सर्वांत जास्त असलेले ६३ आणि सर्वांत कमी असलेले ५७ निवडले. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला आणि काही आठवड्यांनी त्यांचे बेरियमचे एक्स-रे काढले. नऊ जणांना अल्सर निघाला, काहींना आधीपासून, काहींना प्रशिक्षणाच्या ताणात. आणि ते नऊही जण वरच्या गटातले. खालच्या गटात एकही नाही. ही साक्ष नाही तर काय?

ताई : साक्ष आहे. पुढचंही सांगा ना.

मामा : पुढे सॅम्लॉफने पेप्सिनोजेनचे दोन प्रकार वेगळे मोजायला शिकवलं. १९७९ मध्ये रॉटर, सॅम्लॉफ वगैरेंनी अशी कुटुंबं दाखवली, की जिथे पेप्सिनोजेन-एक पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं आणि अल्सरही त्याच लोकांना. आई-बापांपैकी एकाला असेल तर निम्म्या मुलांना. हे आनुवंशिक आहे असं त्यांनी म्हटलं. आम्ही सगळ्यांनी ते मानलं. जठरात रस जास्त पाझरणारी काही माणसं असतात, ताण आला की त्यांचं पोट पेटतं, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवलंसुद्धा.

ताई : आणि नव्वदीत काय कळलं? हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग असलेल्या माणसाच्या रक्तात पेप्सिनोजेन-एक वाढलेलं असतं. जंतू काढला की ते खाली येतं. घराण्यात काय चालत आलं होतं मग? संसर्ग. तो लहानपणीच होतो, बहुतेक घरातल्या घरात होतो, आईकडून मुलाकडे जातो. म्हणून तर निम्मं घर. तुमच्या मर्स्कीने पेप्सिनोजेन मोजलं असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्याने जंतूची सावली मोजली.

मामा : सगळ्यांच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही.

ताई : सगळ्यांच्या नाही. बहुतेकांच्या.

ताईच्या या वाक्याशी मी सहमत आहे, पण तिच्या सुरात जी थट्टा असते तिच्याशी नाही. मर्स्की आणि सॅम्लॉफ यांची मोजमापं खोटी नव्हती. नऊच्या नऊ जण वरच्या गटात निघाले, हे आजही खरं आहे. आकड्याचा अर्थ लावताना मात्र शरीराबाहेरच्या कोणाचा हात असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण आम्लात जंतू जगत नाहीत, हे पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेत पामर नावाच्या डॉक्टरने हजाराहून अधिक जठरांचे तुकडे तपासून तिथे जंतू नाहीत असा निर्वाळा दिला आणि पुढची तीस वर्षं तो टिकला.

गंमत अशी, की जंतूची खूण सापडली होती आणि तीही एन्झाइमच्याच रूपात. १९२४ साली लक आणि सेठ या दोघांनी जठराच्या अस्तरात युरिएज हे एन्झाइम दाखवलं. युरियाचं अमोनियात रूपांतर करणारं हे एन्झाइम जठरात कशाला, याचं उत्तर पुढे असं काढलं गेलं, की जठराच्या पेशीच ते तयार करतात आणि अमोनियाने आम्लापासून स्वतःचा बचाव करतात. डब्लिनमध्ये फिट्झजेराल्ड यांनी तर हा बचाव वाढावा म्हणून अल्सरच्या रुग्णांना युरिया पाजून पाहिला. पन्नाशीच्या दशकात प्रतिजैविक दिल्यावर जठरातलं युरिएज नाहीसं होतं हेही दिसलं. म्हणजे ते जंतूंचं. पण त्या जंतूंचा अल्सरशी संबंध कोणी जोडला नाही. आज एंडोस्कोपीच्या टेबलाशेजारी जी झटपट तपासणी होते, ज्यात जठराच्या अस्तराचा कण युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात आणि जेल गुलाबी झालं की जंतू आहे म्हणतात, ती तपासणी याच युरिएजची. शिवाय जंतू आम्लात जगतो तोही या युरिएजच्या जोरावर, स्वतःभोवती अमोनियाचं आवरण करून.

या दोन एन्झाइमांचा आणखी एक योग मला नेहमी आठवतो. एन्झाइम म्हणजे नेमका कोणता पदार्थ, यावर एकेकाळी मोठा वाद होता. अमेरिकेतल्या जेम्स समनरने १९२६ मध्ये जॅक बीनच्या बियांतून, आपल्या कोकणातल्या अबईच्या भाऊबंदांतून, एका एन्झाइमचे शुद्ध स्फटिक पहिल्यांदा मिळवले. ते युरिएज. समनर डावखुरा होता आणि तरुणपणी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता. हे सगळं त्याने उजव्या हाताने केलं. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रपने पेप्सिनचे स्फटिक केले तेव्हा कुठे लोक वळले. १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल समनर, नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली यांना वाटून मिळालं. अल्सरमधला खड्डा खणणारं एन्झाइम आणि जंतूला जगवणारं एन्झाइम दोन्ही एकाच समारंभात गौरवली गेली होती. अल्सरशी त्यातल्या दुसऱ्याचा काही संबंध आहे हे त्या सभागृहात कोणालाही माहीत नव्हतं.

मामा : तुझा मार्शल सांग आता. तो जंतू प्यायला, ही गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हा लोकांचं भाषण संपत नाही.

ताई : सांगतेच. पर्थमध्ये रॉबिन वॉरनला १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. बॅरी मार्शल त्याला मिळाला. जंतू वाढवायचा प्रयत्न सारखा फसत होता, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशा फेकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या आणि जंतू वाढला. डुकराच्या पिलांत संसर्ग होईना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने स्वतः तो पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या, तोंडाला वास. एंडोस्कोपी केली तर जठराला सूज आणि तिथे तोच जंतू. २००५ मध्ये दोघांना नोबेल.

मामा : आणि अल्सर?

ताई : काय?

मामा : मार्शलला अल्सर झाला का?

ताई : नाही झाला. जठरदाह झाला.

मामा : बस. एवढंच मला ऐकायचं होतं. जंतू पोटात असलेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांनाच आयुष्यात कधीतरी अल्सर होतो. बाकीच्या पंच्याऐंशींचं काय? त्यांच्या पोटातही तोच जंतू आहे ना?

ताई : त्याचं उत्तर ग्लासगोने दिलंय, आणि ते तुमच्याही सोयीचं आहे. एल-ओमार आणि मॅककॉल यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की गॅस्ट्रिन वाढवणारा इशारा दिल्यावर जंतू नसलेल्या निरोगी माणसाच्या मानाने जंतू असलेल्या ड्युओडेनल अल्सरच्या रुग्णाच्या जठरात सहापट आम्ल पाझरतं. जंतू असून अल्सर नसलेल्यांत तिप्पट. जंतू जठराच्या शेवटच्या भागात बसतो, तिथल्या सोमॅटोस्टॅटिनचा लगाम सुटतो, गॅस्ट्रिन वाढतं, आम्ल वाढतं. त्या आम्लाच्या माऱ्याने ड्युओडेनमचं अस्तर जागोजागी जठरासारखं बनतं. आता जंतूला तिथेही राहायला जागा मिळते. तिथे सूज येते, बायकार्बोनेट कमी पडतं, आणि मग तुमचं पेप्सिन कामाला लागतं. हे असं बघा, बांध वाहून नेतं ते पाणीच. पण खेकड्याने आधी बीळ पाडलेलं असतं.

मामा : बांध फुटल्यावर खेकड्याला धरायची आपल्या राज्यात पद्धतच आहे म्हणा! पण खेकडा प्रत्येक बांधात असतो, ताई. जिथे पाणी जास्त चढतं तिथेच बांध फुटतो.

ताई : आणि पाणी चढवलं कोणी? तेही निम्म्याहून अधिक खेकड्यानेच!

मामा यावर हसले. मला वाटतं वादाचा निकाल खरं तर इथेच लागतो. जंतू पाचक रसांना वगळून अल्सर करत नाही, तो त्यांच्याच हातून करवतो. जंतूची वस्ती जठराच्या शेवटच्या भागापुरती राहिली तर आम्ल वाढतं आणि धोका ड्युओडेनमला. तीच वस्ती वरपर्यंत पसरून आम्ल तयार करणाऱ्या पेशींचाच नाश झाला तर आम्ल घटतं आणि मग अल्सर ड्युओडेनमला नाही, जठराला होतो. कर्करोगाची भीतीही तिकडेच. एकच जंतू, दोन उलट परिणाम, आणि दोन्हींमधला फरक पाचक रसांच्या पातळीत. पेप्सिनोजेन मोजणं आजही बंद झालेलं नाही. जपानमध्ये पेप्सिनोजेन-एक आणि पेप्सिनोजेन-दोन यांचं गुणोत्तर घटलेलं दिसलं तर जठराचं अस्तर झिजलंय असं समजून पुढच्या तपासणीला पाठवतात. ज्या आकड्यावरून एकेकाळी अल्सर होणारा स्वभाव शोधायचे, तो आता कर्करोगावर पाळत ठेवायला कामी येतो.

पण मामांच्या भात्यात अजून एक बाण होता, आणि तो मुंबईतला.

मामा : पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा. रेल्वेच्या नोकरीमुळे आसामपासून मुंबईपर्यंतचे रुग्ण त्यांच्यासमोर होते. भात खाणाऱ्या भागात ड्युओडेनल अल्सर जास्त, पंजाबसारख्या गव्हाच्या भागात कमी, हे त्यांनी साठीच्या दशकात लिहिलं. मग मुंबईत प्रयोग केला. अल्सर भरून आलेले ४२ रुग्ण. निम्म्यांचा भात चालू ठेवला, निम्म्यांना न चाळलेल्या गव्हाच्या पोळ्या दिल्या. पाच वर्षं पाहिलं. भातवाल्यांत ८१ टक्क्यांना अल्सर परत झाला, पोळीवाल्यांत १४ टक्क्यांना. पोळी चावून खावी लागते, लाळ जास्त मिसळते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

ताई : एकवीस आणि एकवीस माणसं, बाबा. आणि कोण काय खातंय हे सगळ्यांना माहीत.

मामा : आकडा लहान आहे, फरक लहान नाही. शिवाय मल्होत्रा एकटे नव्हते. म्हैसूरच्या मिशन हॉस्पिटलात १९५१ ते ६७ पर्यंत फ्रँक टोव्ही सर्जन होते. माझ्यासारखेच अल्सरसाठी व्हेगॉटॉमी-जीजेच्या शस्त्रक्रिया करून थकलेले. त्यांनी भारतभरच्या डॉक्टरांकडून माहिती जमवली. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याला अल्सर भरपूर, राजस्थान-पंजाबात कमी. पुढे इंग्लंडला जाऊन जयराज आणि क्लार्क यांच्याबरोबर कमी अल्सरच्या प्रदेशातली धान्यं-कडधान्यं उंदरांना खाऊ घालून पाहिली. त्यात आपला कुळीथ होता! त्यातला स्निग्ध अंश उंदराच्या जठराला वाचवतो असं निघालं. आणि टोव्हींचा मुद्दा असा, की जंतूचा संसर्ग तर उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे सारखाच भरपूर आहे. मग अल्सर सारखा का नाही?

ताई : हा प्रश्न खरा आहे. मी तो नाकारत नाही. जंतूच्या जाती वेगळ्या, संसर्ग किती लहान वयात झाला ते वेगळं, जठराच्या कुठल्या भागात तो बसला ते वेगळं. पण आहाराचाही वाटा असू शकतो. फक्त उंदराला कुळीथ मानवला म्हणून मी रुग्णाला कुळथाची पिठी लिहून देणार नाही.

मामा : पिठी मी सांगतो. तू गोळ्या सांग.

ताणाचा मुद्दा त्या दोघांनी चुटकीसरशी संपवला, मला तो तसा संपू द्यावासा वाटत नाही. १९४० च्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनच्या रुग्णालयांत फुटलेल्या अल्सरचे रुग्ण वाढले, हे तेव्हाच नोंदलं गेलं होतं. जंतूचा शोध लागल्यावर ही नोंद जुनी समजूत म्हणून बाजूला पडली. मग २०११ मध्ये पूर्व जपानला भूकंप आणि सुनामी आली. त्यानंतरच्या महिन्यांत अल्सरचे रुग्ण वाढले आणि त्यांच्यात ज्यांच्या पोटात जंतूही नाही आणि ज्यांनी वेदनाशामकही घेतलेलं नाही अशांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मर्स्कीच्या सैनिकांना थोडी दाद द्यायला हवी.

मामा : आता मला सांग, तुझ्या जंतूच्या औषधांच्या पाकिटात काय असतं?

ताई : दोन प्रतिजैविकं आणि आम्ल दाबणारी एक गोळी. कधी बिस्मथही. चौदा दिवस.

मामा : आम्ल दाबणारी गोळी कशाला? जंतू मारायचाय ना?

ताई : कारण आम्ल कमी असलं की अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन नीट काम करतात. आणि तेवढ्यात अल्सरही भरतो. हो, हो, तुमच्या बाजूची गोळी आहे ती. मान्य! पण आजची माझी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला हा जंतू फारसा जुमानत नाही आणि क्लॅरिथ्रोमायसिनलाही आता पूर्वीसारखा दबत नाही. त्याचं एक कारण, लोक पाचव्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या सोडतात.

मामा : आणि माझी अडचण सिरपची. जेवणानंतर दोन चमचे. बाटलीवर वाच, फंगल डायस्टेज आणि पेप्सिन. पोटात जळजळतंय, रात्री दोनला कळ उठतेय, खाल्लं की बरं वाटतंय, आणि माणूस औषधाच्या दुकानातून पेप्सिन आणून पितोय!

ताई : त्या चमचाभर पेप्सिनने काही बिघडायचं नाही, बाबा. तुमच्या जठरात त्याच्या कितीतरी पट तयार होतं. बिघडतं ते वेगळंच. सिरप घेत महिने जातात आणि तपासणी राहून जाते. एन्झाइमची औषधं खरी लागतात ती स्वादुपिंड निकामी झालेल्या माणसाला. त्याच्या कॅप्सूलवर मुद्दाम असं आवरण असतं, की आम्लात ती फुटू नये. अल्सरशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

मामा : यावर आपलं एकमत झालं, हे लिहून घे रे.

घेतलं लिहून. माझा निकाल मात्र दोघांनाही अर्धाच पटेल. अल्सरचा खड्डा पेप्सिन आणि आम्लच खणतात. १८३६ पासूनची ती साक्ष खरी ठरली. पण बहुतेक माणसांत ते का खणू लागतात, याचं उत्तर पेप्सिन मोजून मिळणार नव्हतं. ते पर्थमधल्या विसरून राहिलेल्या बशांत मिळालं. आणि भातवाल्यांना जास्त व पोळीवाल्यांना कमी का, याचं पुरतं उत्तर अजून कोणाकडेच नाही. ते शोधायला हवं, आणि त्यासाठी, भातवाले आणि पोळीवाले जिथे शेजारी राहतात त्या मुंबईपेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

वाचकांपैकी ज्यांना रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात कळ येते, त्यांनी एन्झाइमचं सिरप बाजूला ठेवून जंतूची तपासणी करून घ्यावी. श्वासावरून होणारी तपासणी साधी असते. तिच्या आधी दोन आठवडे आम्लाची गोळी थांबवावी लागते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच करावं. औषध सुरू केलं तर चौदाही दिवस घ्यावं आणि ते संपल्यावर महिन्याने पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून रोज वेदनाशामक आणणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण जंतूच्या खालोखाल अल्सर होतात ते त्या गोळ्यांनी. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, रक्ताची उलटी झाली किंवा पोट अचानक लाकडासारखं कडक झालं, तर वाद, सिरप आणि कुळथाची पिठी तिन्ही सोडून त्याच तासाला रुग्णालय गाठावं.